अकरा बाइटांचा रकाना

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी ऐन उमेदीत सी भाषेत लिहिला. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन, जिल्हा आणि शेतकऱ्याचं नाव इंग्रजी लिपीत पावतीवर छापायचं. जिल्ह्यासाठी रकाना ठेवला अकरा बाइटांचा. अहमदनगरची इंग्रजी अक्षरं दहा, आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून सी शेवटी शून्य लावते, त्याचा एक. पंधराव्या शतकापासून चालत आलेलं नाव माझ्याच हयातीत बदलेल, हे कळायला मी काही ज्योतिषी नव्हतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला. मी बोटांवर मोजलं, पण मराठीत. सातांची उलट सहाच अक्षरं झाली होती! निर्धास्त झोपलो. इंग्रजीत ती अकरा होतात.

हंगाम सुरू झाला आणि एक म्हातारबा पावती नाचवत आले. "साहेब, उसाबरोबर नावाचंबी गाळप केलं का काय?"

वजन होतं, जिल्हा होता, नावाची जागा कोरी. नाव आधी भरलेलं, जिल्हा मागाहून. अकरा अक्षरांनी रकाना गच्च भरला आणि बारावं शून्य शेजारच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर जाऊन बसलं. पहिल्याच पावलाला 'संपलं' दिसल्यावर छपाई पुढे कशाला जाईल? थोडक्यात, जिल्ह्याने शेतकऱ्याचा बांध कोरला. आणि सीच्या राज्यात मोजणीला कुणी येत नाही.

मग मी हुशारी केली. जिल्ह्याचं नाव उतरवणाऱ्या फंक्शनमध्येच 'मावेल तेवढंच घे' म्हणून आकार मोजणारं साइझऑफ टाकलं. पण फंक्शनच्या हाती येतो तो पॉइंटर. शेत नव्हे, नुसती गट नंबराची चिठ्ठी. मी मोजली ती चिठ्ठी. चौसष्ट बिटांच्या नव्या मशीनवर ती आठ बाइट भरते, मग शेत गुंठ्याचं असो की शंभर एकरांचं. आठच अक्षरं उतरली आणि रकान्यात आधीपासून भरून ठेवलेल्या जुन्या नावाची शेपटी तशीच राहिली. पावतीवर जिल्हा उमटला : अहिल्यानाअर.

म्हातारबांनी पावती लांब धरून वाचली. "कशाला तरास घेता? निस्तं नगर लिहा की. आमी कुठं दुसरं म्हणतो?"

पाच अक्षरं, एक शून्य. सहा बाइटांत काम.

मी मुकाट्याने रकाना बत्तीसचा केला. उद्या मराठीत छापा म्हणाले, तर अहिल्यानगरला यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट लागतात, शून्यासकट एकतीस. एक शिल्लक ठेवलाय.