दफ्तराचा गृहप्रवेश

परदेशगमनाने धर्म बुडतो की नाही, याचा खल आमच्या शास्त्रीमंडळींनी एके काळी जितक्या गांभीर्याने केला, तितक्याच गांभीर्याने संगणक-व्यवसायातील धुरीणांनी, मनुष्याने स्वतःच्या घरी बसून केलेले काम हे काम गणावे की नाही, या प्रश्नाचा खल चालविला असून, कौल हळूहळू घराच्या बाजूने झुकत आहे, ही आनंदाची वार्ता होय.

२०१३ साली याहूच्या प्रमुख मरिसा मेयर यांनी घरून काम करणाऱ्यांस कचेरीत हजर होण्याचे फर्मान काढले, तेव्हा घर हे आळसाचे माहेर समजले जाई. आमच्या दूरसंचार खात्याला तर त्याचा एवढा धसका की, ज्या सेवाकंपन्यांना आपल्या नोकरांस घरून फोन घेऊ द्यायचे असतील त्यांनी आधी करारनामा करून अनामत भरावी, अशी तरतूद होती. पुढे महामारी आली, आणि जे युक्तिवादाला साधले नव्हते ते टाळेबंदीने साधले: मार्च २०२० मध्ये अनामत माफ झाली, नोव्हेंबरात नियमावलीच शिथिल झाली, आणि २०२५ पर्यंत एका वेळी चतुर्थांशाहून अधिक माणसांची कचेरीत गरजच भासणार नाही, असा संकल्प टीसीएसने सोडला. (त्याचे उद्यापन २०२३ च्या ऑक्टोबरातच, पाचही दिवस हजेरीची ताकीद देऊन, उरकण्यात आले.)

सर्वांत मनोज्ञ वर्तन झूमचे. दूरस्थांची भेट घडविणे हाच जिचा धंदा, त्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये, कचेरीपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या आपल्या नोकरांनी आठवड्यातून २ दिवस जातीने हजर राहावे, असे फर्माविले. वैद्याने आपला काढा गिऱ्हाइकांपुरताच राखून ठेवावा, यात गैर ते काय?

मात्र घर मान्य झाले म्हणून घरातला माणूसही विश्वासास पात्र ठरला, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. नावापुढचा हिरवा ठिपका मालवला की साहेबांच्या जिवाची घालमेल होते. सबब तो तेवत राहावा म्हणून माऊस आपोआप हलविणारी यंत्रे निघाली, ती वापरणारांस हुडकणारी प्रणालीही निघाली, आणि अशा रीतीने काम न करताही उद्योगधंद्याची भरभराट झाली.

तडजोड म्हणून जी संमिश्र पद्धती सध्या रूढ आहे, तिची शोभा हिंजवडीत पाहावी. नेमल्या दिवशी नोकर वाहतुकीच्या खोळंब्यातून वाट काढीत पोचतो, दारावरच्या यंत्राला ओळखपत्र दाखवून हजेरी नोंदवितो, कानांना हेडफोन लावतो आणि नागपुरात स्वगृही बसलेल्या सहकाऱ्याशी पडद्यावर बैठक आरंभितो. तीत सर्वानुमते ठरते ते इतकेच की, कचेरीत गोंगाट फार, तेव्हा पुढची बैठक ज्याने त्याने घरूनच करावी.