घटक वाचलेत का?

घोड्याचा खूर म्हणजे शेवटी नखच, हे चामटोलीच्या काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पुरावा म्हणून स्वतःच्या पायाचा अंगठा पुढे केला. अंगठा काळाकुट्ट. खुराचं कुठलंही नवं औषध आधी स्वतःच्या नखाला, मग घोडीला. त्या आठवड्यात पाइनचं डांबर चालू होतं. काकू आतून म्हणाल्या, "एरंडेल होतं तेव्हा चादरीचा डाग निघत तरी होता."

घोडी एक, बाटल्या सतरा. तबेल्याच्या फळीवर जवसाचं तेल, कडुलिंबाचं तेल, मोरचूद, मेणाचं मलम अशी सगळी मंडळी ओळीने बसलेली. नवी बाटली हातात आली की कपाळावरचा चष्मा खाली येतो. "घटक वाचलेत का, घटक?" मग बूच काढून हुंगणं, दोन बोटांत चोळून बघणं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लोक उमदी जनावरं बघत फिरतात. काका मान खाली घालून फिरतात. घोडेवाला दात दाखवायला तोंड उघडतो, तोवर ह्यांनी मागचा पाय उचललेला असतो. लाथ दोनदा खाल्लीय, पण काका ते सांगत नाहीत.

पंचाईत अशी, की खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. वरून निघालेला नवा खूर जमिनीला टेकायला वर्ष जातं. काकांना एवढा धीर कुठला! पंधरा दिवसांत फरक नाही, की बदल बाटली.

दर पाच-सहा आठवड्यांनी नेरळकडून नालबंद येतो. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे ह्याचा जन्म तिथल्या घोड्यांचे पाय मांडीवर घेण्यात गेलेला. तो फळीकडे बघतही नाही. "काका, रोज खूर उकरा, खालचा पेंढा कोरडा ठेवा. पावसाळ्यात एवढं केलं तरी पुष्कळ."

काका मान डोलावतात. "बरोबर. पण उकरल्यावर लावायचं काय?"

2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ती जागा काकांच्या घरापासून लांब नाही. त्या रात्री काका घोडीला घेऊन टेकाडावर गेले, भर पावसात तिच्या मानेला धरून उभे राहिले. बाटल्या वाहून गेल्या. पुढचे पंधरा दिवस घोडी शेजाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोरड्या पेंढ्यावर. लावायला काहीच नव्हतं, म्हणून काका नुसतेच सकाळ-संध्याकाळ चिखल उकरायचे आणि स्वतःच्या टॉवेलने पाय पुसायचे. खुराच्या तळाला येणारा कुजका वास गेला. नालबंद खूश झाला.

"जाणारच," काका म्हणाले. "पुराच्या पाण्यात सगळ्या बाटल्या एकत्र झाल्या ना. मिश्रण लागू पडलं."

फळी आता पुन्हा भरलीय. तेव्हा दत्तजयंतीला कोणी सारंगखेड्याला निघालात, तर काकांसाठी काही आणू नका. काकूंचा निरोप आहे.