मावशी, हे कशात टाकू?

पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात कचऱ्याचे दोन वर्ग असतात: विकायचा आणि द्यायचा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, कोरा पुठ्ठा, बिअरच्या (पाहुण्यांनी आणलेल्या) बाटल्या हे सगळं गॅलरीत अदबीनं साठवतात आणि रद्दीवाला आला की त्याच्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. उरलं ते दारावर कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना. म्हणजे सॉसनं बरबटलेली बाटली आणि चहात भिजलेलं बिल.

या मावशी बहुधा ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद. 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’नं 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला घेतला. मावशींची कमाई दोन वाटांनी होते: घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार. यातलं दुसरं कानावर पडताच घरमालक विचारतो, “मग पन्नास-शंभर रुपये आम्ही कशाला द्यायचे?” गॅलरीतला गठ्ठा त्या वेळी त्याच्या पाठीमागेच असतो.

नियम कागदावर अगदी सरळ होता. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. घातक म्हणजे जुने सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं. ही तिसरी बादली बहुतेक घरांत कपाटामागच्या पिशवीच्या रूपात नांदते आणि दर दिवाळीला तिच्यावरची धूळ तेवढी झटकली जाते.

खरी पंचाईत वस्तूच करतात. वेफर्सचं पाकीट घ्या. बाहेरून प्लास्टिक, आतून चंदेरी थर, आणि ते एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे करणं परवडत नाही. म्हणून भंगारवाला त्याला हातही लावत नाही. पण सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर काका हार मानणारे नव्हेत. ते भिंग लावून एखाद्या प्लास्टिकच्या डब्याच्या बुडावरचा बाणांचा त्रिकोण शोधतात. “सहा नंबर! रिसायकल होतंच होतं!” 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं आणलेला हा आकडा प्लास्टिकची फक्त जात सांगतो, त्याला गिऱ्हाईक आहे का, हे सांगत नाही. ते मावशींना विचारावं लागतं. त्या डबा चेपतात, कर्रकन तुटल्याचा आवाज ऐकतात आणि म्हणतात, “काका, हे कुणी घेत नाही.” काका भिंग पुसून पुन्हा त्रिकोण बघतात.

पिझ्झाच्या खोक्यावर तर सोसायटीच्या सभेत अर्धा तास गेला असता. मावशींनी ते उभ्या उभ्या फाडलं: कोरडं झाकण पुठ्ठ्यात, तुपकट बूड ओल्यात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी ‘स्वच्छ’ची मोहीम आहे. हातानं कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडी न उघडताच आत काय आहे ते कळावं, एवढाच हेतू. एका घरात लाल पेन सापडेना. आजींनी नातवाच्या डायपरच्या पुडीला कुंकवाचं बोट लावायची तयारी दाखवली, त्यावर सुनेनं कपाळाला हात लावला आणि आपलं नेलपॉलिश काढून दिलं. आता त्या घरची पुडी मावशी जिन्याखालूनच ओळखतात. पुऱ्या इमारतीत चकाकणारा ठिपका तेवढाच.