पायरोमीटरधारी गृहस्थ

अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत पंचविशी उलटलेला डिझेल पिकअप ट्रक जिवापाड जपणाऱ्या पुरुषांचा जो एक वर्ग आढळतो, त्याची व्यवच्छेदक खूण अशी की गाडी चालवताना त्याची नजर समोरच्या रस्त्यापेक्षा काचेच्या डाव्या खांबावर बसवलेल्या एका गोल तबकडीवर अधिक काळ खिळलेली असते. या तबकडीस पायरोमीटर म्हणतात, आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचे तापमान दाखवणे एवढेच तिचे काम असते. दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापवला असता त्यांत किंचित विद्युतदाब उत्पन्न होतो, हे 1821 साली सीबेक यांच्या निरीक्षणातून पुढे आलेले तत्त्व तिच्या मुळाशी आहे. तथापि त्या तत्त्वाने विज्ञानाची जेवढी सेवा केली, तेवढीच या वर्गाची झोपही उडवली आहे, याची नोंद पाठ्यपुस्तके घेत नाहीत.

या गृहस्थाचे वाहन बहुधा 1994 ते 1998 या काळातील डॉज रॅम असते आणि त्यात कमिन्सचे सहा सिलिंडरांचे, 5.9 लिटरचे, बारा व्हॉल्व्हांचे इंजिन असते. त्यातील इंधनपंप निव्वळ यांत्रिक असल्यामुळे इंधनपुरवठ्यातील दोष कोठे आहे हे सांगणारा संगणक गाडीत नाही, आणि निदानाचा संपूर्ण अधिकार मालकाकडे राहतो, ही त्याच्या दृष्टीने या इंजिनाची सर्वांत मोठी थोरवी होय. कारखान्यातून निघताना हे इंजिन सालाप्रमाणे 160 ते 215 अश्वशक्ती देत असे व तेवढी शक्ती पुरेशीही होती. परंतु ‘पुरेसे’ ही कल्पनाच या गृहस्थास अमान्य असल्याने त्याने कोणे एके रविवारी पंप उघडून, इंधनाच्या प्रमाणास मर्यादा घालणारी आतील छोटी पोलादी पट्टी कानशीने घासलेली असते.

अशा जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवा अडवणारी झडप नसते. हवा मिळेल तेवढी आत येते आणि शक्ती कमीजास्त होते ती केवळ इंधनाच्या मात्रेने, त्यामुळे हवेच्या मानाने इंधन वाढले की बाहेर पडणारा वायू तापतो आणि न जळलेला अंश काळ्या धुराच्या रूपाने मागच्या गाडीवाल्याच्या वाट्यास येतो. घासलेली पट्टी आणि चढलेला काटा यांतील कार्यकारणभाव शाळकरी मुलासही कळावा इतका उघड आहे. गृहस्थाचे संशोधन मात्र नेमके हे कारण वगळून सुरू होते.

जाणकारांच्या वर्तुळात 1250 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 675 अंश सेल्सिअस, ही दीर्घकाळ सोसण्याजोगी सीमा मानतात. अॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि पिस्टन त्याच्याच मिश्रधातूचे असतात, हे त्याने कोठेतरी वाचलेले असते. पिस्टनला ती आच अखंड लागत नाही, आत येणारी ताजी हवा आणि खालून उडणारे तेल त्याला सतत थंड करत असते, हा पुढचा भाग मात्र त्याने वाचलेला नसतो. साहजिकच मागे घरवजा ट्रेलर जोडून तो डिलन गावाकडून आयझेनहॉवर बोगद्याकडे निघतो, तेव्हा सात टक्क्यांपर्यंतच्या चढाची ती मैलोगणती वाट आणि अकरा हजार फुटांवरील विरळ हवा यांमुळे काटा जसजसा वर सरकतो, तसतसे शेजारी बसलेल्या पत्नीचे बोलणे त्यास ऐकू येईनासे होते. गिअर एकाने उतरवून उजवा पाय किंचित सैल केल्यास इंजिनाचे फेरे वाढून हवा वाढेल, इंधन घटेल आणि काही क्षणांत काटा खाली येईल, हा उपाय बिनखर्ची आहे. परंतु गिअर उतरवणे म्हणजे चढापुढे हार पत्करणे, अशी या वर्गाची पक्की समजूत आहे.

घरी परतल्यावरचा विधी विशेष अभ्यसनीय आहे. तापलेला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, एकाएकी थांबवल्यास त्याच्या बेअरिंगमधील तेल जळून कोळसा होते, म्हणून काटा 300 ते 400 अंश फॅरनहाइटपर्यंत उतरेतो इंजिन चालू ठेवण्याचा नियम आहे व तो योग्यच आहे. फक्त सामान उतरवून, मुले झोपवून, जेवण वाढून झाले तरी कुटुंबप्रमुख अंगणात गाडीतच बसलेला आहे, या दृश्याची शेजाऱ्यांना सवय व्हावी लागते.

यानंतर खरे निदान आरंभते. प्रथम हवेच्या फिल्टरवर संशय येतो आणि फिल्टर निर्दोष ठरतो. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबाने तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या नळ्यांची पाळी येते, कारण त्यांतून हवा गळत असेल तर इंधन तेवढेच राहून हवा घटते आणि तापमान वाढते. टर्बोच्या तोंडावर बूच ठोकून, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवून आत हवा भरली जाते आणि स्वयंपाकघरातून न विचारता आणलेल्या फवारणीच्या बाटलीतले साबणपाणी प्रत्येक सांध्यावर मारले जाते. तेथे बुडबुडा दिसला की ओट्यावर चढलेल्या बाळकृष्णाच्या चेहऱ्यावर लोणी दिसताच जो भाव उमटतो, तो या पन्नाशीच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर उमटतो. येथे न थांबता तो इंजेक्शनच्या वेळेकडे वळतो, कारण इंधन उशिरा फवारले गेल्यास ते उशिरापर्यंत जळत राहते आणि त्याची ऊब पिस्टन ढकलण्याऐवजी धुराबरोबर निघून जाते.

काट्याची तार कोठे बसवावी, यावर तर या वर्गात दोन संप्रदाय आहेत. पहिला संप्रदाय टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या ओतीव नळकांड्यात, भोक पाडणाऱ्या कर्मठांचा. त्यांतील काही जण लोखंडाचा कीस टर्बोत जाऊ नये म्हणून इंजिन चालू ठेवूनच ड्रिल चालवतात, म्हणजे कीस वाऱ्याबरोबर बाहेर, क्वचित चालवणाऱ्याच्याच तोंडावर, उडतो. दुसरा संप्रदाय तार टर्बोच्या पलीकडे बसवतो, जेथे ओझे ओढताना तापमान दोनतीनशे अंशांनी कमी भरते. ताप उतरवण्याची ही पद्धत इंजिनास कळत नसली तरी मालकास फार मानवते.

याच जातीचे 5.9 लिटरचे इंजिन टाटा कमिन्सच्या द्वारे भारतातील मालमोटारींतही आले आणि खंबाटकीच्या घाटात त्याने वर्षानुवर्षे कांदा-साखर ओढली. तेथील चालकापुढे पायरोमीटर नव्हता. धुराचा रंग आणि इंजिनाचा आवाज यांवरून तो वेळीच गिअर पाडत असे आणि घाटमाथ्यावर चहा पीत असे.

कोलोरॅडोतील गृहस्थाच्या तपासास मात्र अखेर यश येते. इंटरकूलरच्या नळीचा एक ढिला क्लॅम्प सापडतो, तो आवळताच काटा शंभरेक अंशांनी उतरतो, आणि ही शिल्लक हाती येताच गृहस्थ त्याच संध्याकाळी मोठ्या भोकांच्या, म्हणजे अधिक इंधन फवारणाऱ्या, इंजेक्टरांची ऑर्डर देतो.