नव्वदीचा रुपया

अहो वहिनी, जरा या इकडे भिंतीपाशी. मेथी मागायला हाक नाही मारली, तुमची अजून चार पानांवर आहे ते दिसतंय मला. ती बातमी आठवते का? २०२५ च्या डिसेंबरात डॉलर नव्वदीच्या पार गेला. म्हणजे आपला कतारी रियाल झाला २४ रुपये ७० पैसे! त्या रात्री आपल्या दोह्याच्या ग्रुपवर नुसती आतषबाजी. फटाके काय, टाळ्या काय, नाचणाऱ्या बायका काय! मला वाटलं कुणाच्या मुलीचं ठरलं. चष्मा लावून बघते तर रुपया पडल्याचा आनंद.

हसले मीही. मग जरा कसंसंच झालं. रत्नागिरीला माझा भाऊ लेकीची अमेरिकेतली फी भरायची म्हणून डोकं धरून बसलाय आणि इकडे मी नाचतेय. एका आईची दोन लेकरं, रुपया तोच, आणि एकाच बातमीनं एक रडतंय, एक हसतंय.

हे म्हणतात, यात हुरळण्यासारखं काही नाही. रियाल काही वर चढलेला नाही. २००१ पासून डॉलरला ३.६४ रियाल, त्यात इकडचं तिकडे नाही. घसरलाय तो रुपया. आणि खरंच हो, २०१४ साली रियालला सोळा-सतरा रुपये मिळायचे तेव्हा पुण्यात एक फ्लॅट बघून ठेवला होता आम्ही. पुढच्या वर्षी घेऊ, पुढच्या वर्षी घेऊ म्हणत राहिलो. आता त्याची किंमत रियालात काढली तरी तो तेव्हापेक्षा लांब गेलाय. रुपया आपल्यासाठी घसरतो आणि फ्लॅट आपल्याआधी चढतो.

आपल्या कंपाउंडच्या नेपाळी वॉचमनला मात्र त्याच दिवशी कळलं होतं. गेटवर मला विचारतो, ‘दीदी, इंडिया का रुपया और गिरेगा क्या?’ म्हटलं, तुला रे काय त्याचं? तेव्हा कळलं, नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्याला बांधलेला, आपला एक म्हणजे त्यांचा एक पूर्णांक साठ. आपला बुडाला की त्याचाही बुडतो. म्हणजे मुंबईत रिझर्व्ह बँक काय करते याची काळजी अबू हमूरच्या गेटवर बसून हा करतो. इथला किमान पगार १००० रियाल, २०२१ च्या मार्चपासून. राहायला-खायला कंपनीनं दिलं नाही तर वर ५०० आणि ३००. त्या हजाराचे तेव्हा त्याच्या गावात साडेएकोणचाळीस हजार झाले. त्यानं नाचावं, वहिनी. त्याचा आनंद मला पटतो. आपण एफडीच्या व्याजावर नाचतो, त्याचं घराचं छप्पर आहे त्यात.

आणि ते ‘आज पाठवू की थांबू’ सुरू झालं की मला नको होतं बाई. एक्सचेंजवाल्यापुढे रांग लावून बायका ज्योतिषासारखं बोलतात. एकीनं तर इथल्या बँकेतून कर्ज काढून तिकडे एफडी केली. व्याज इथे भरतेय, तिथे मिळवतेय आणि मधल्या फरकावर आपण टाटा झालो असं समजतेय. उद्या इथली नोकरी गेली तर? कर्ज थकलं तर देश सोडायला बंदी येऊ शकते, हे तिला कुणी सांगायचं?

भाऊजींचं बरं आहे. आपला शेअर बाजार सव्वानऊला उघडतो म्हणजे इथे पावणेसात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बघतात म्हणे. असू दे, निदान घरी चिडचिड नाही.

सोन्याचं म्हणाल तर ते नावच काढू नका. परवा सूक वाकिफला गेले होते, नुसती काचेतून बघून आले. २०२५ च्या ऑक्टोबरात औंस चार हजार डॉलरच्या वर गेला, तिकडे दहा ग्रॅम सव्वा लाखाच्या पुढे. आणि आपल्या कस्टमचा नियम तेव्हाही २०१६ चाच होता! परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्या बाईला ४० ग्रॅमपर्यंत दागिने माफ, पण किंमत एक लाखाच्या आत हवी असायची. २०१६ साली लाखात तीसेक ग्रॅम तरी यायचं. २०२५ मध्ये जेमतेम आठ. एक लाखात ४० ग्रॅम कुठल्या सोनाराकडे मिळत होते ते दिल्लीवाल्यांनी एकदा सांगायला हवं होतं. शिवाय २०२४ साली तिकडे ड्यूटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली, मग इथून नेण्यात राहिलं काय? तरी लग्नसराई आली की जावा-नणंदांच्या याद्या येतातच. दोह्याचं सोनं पिवळं जास्त असतं म्हणे!

बरं, ते यूपीआय तुम्ही वापरलंत का? त्याच ऑक्टोबरात पीयूष गोयल आले होते, लुलू मॉलमध्ये सुरू केलं. सासूबाई आल्या की त्यांना बरं पडेल. आपण कशाला? रियालात कमवून रुपयात कोथिंबीर घ्यायची, हा कुठला धंदा?

माझा हिंजवडीचा भाचा आहे ना, त्याचा मेसेज आलाय. मावशी, दोह्यात काही आहे का बघ. पूर्वी हाच म्हणायचा, वाळवंटात कोण येणार? २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजार माणसं कमी करायचं जाहीर केल्यापासून सगळ्यांचीच झोप उडालीय. अमेरिकेला जावं तर ट्रम्पनं नव्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर लावलेत. एआय काम खाईल ही भीती आहेच. तर आता वाळवंट आठवलं.

आणि त्याच ट्रम्पला आपल्या शेखांनी विमान दिलं, २०२५ च्या मे महिन्यात! चाळीस कोटी डॉलरचं जंबो. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढा आहेर कुणी उगाच करत नाही. परतफेड कधी होते ते बघायचं. सप्टेंबरात इस्रायलनं भर दुपारी दोह्यावर हवाई हल्ला केला, तेव्हा वाटलं आहेर पाण्यात. पण महिना संपायच्या आत नेतान्याहूंनी व्हाइट हाउसमधून फोन करून माफी मागितली, आणि कतारवर हल्ला म्हणजे अमेरिकेच्या सुरक्षेला धोका असा हुकूम ट्रम्पनं काढला. झाली परतफेड. आमची आई मात्र त्याच वर्षी जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं इथल्या अल उदैदच्या अमेरिकी तळावर आली तेव्हापासून रोज विचारते, पासपोर्ट हाताशी आहे ना?

आहे की. पासपोर्ट आहे, आरपी म्हणजे इथला राहण्याचा परवाना आहे. मुदत संपत आली की यांच्या कंपनीच्या मर्जीवर पुन्हा वाढणार. हे रास लफानला गॅस थंड करून जहाजात भरतात, तो दहेजला उतरतो. पुण्यात नणंदेकडे पाइपनं गॅस येतो त्यात यांनी भरलेला किती कोण जाणे. वर्षाला ७५ लाख टन द्यायचा करार आपल्या पेट्रोनेट कंपनीनं २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवून घेतला. म्हणजे गॅसला २०४८ पर्यंतची खात्री. भरणाऱ्याला नाही.

पासपोर्टावरून आठवलं. चित्रकार एम. एफ. हुसेनचं म्युझियम उघडलं, कळलं ना? अहो, तुमच्या सोलापूरकडचा माणूस! पंढरपूरचा जन्म, १९१५ चा. म्युझियम उघडलं एज्युकेशन सिटीत, २०२५ च्या २८ नोव्हेंबरला. ‘लौह व कलम’ नाव. बाहेरून निळंशार, त्यांनीच कधीतरी काढलेल्या चित्रावरून बांधलंय. शेजारी तो त्यांचा काचेच्या घोड्यांचा आणि जुन्या मोटारींचा देखावा आहे, २०१९ चा, मुलांना नेलं होतं आपण.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. काहीजण म्हणे, देवीची तसली चित्रं काढणाऱ्याकडे आम्ही जाणार नाही. नका जाऊ. मलाही त्यांचं सगळं पटलंय असं नाही. पण दिल्ली हायकोर्टानं २००८ साली त्यांच्यावरचे खटले रद्द केले, हेही खरं. तरी म्हातारा परत गेला नाही. २०१० मध्ये कतारनं नागरिकत्व दिलं, त्यांनी आपला पासपोर्ट परत केला आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये वारले. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला, अनवाणी फिरणारा, आपल्या माधुरीच्या मागे वेडा झालेला माणूस. पंचाण्णवाव्या वर्षी देश बदलायचा म्हणजे काय असेल हो? आपण इथे अर्धं आयुष्य काढलं तरी या देशाचे होत नाही, आणि तिकडचे राहिलो म्हणावं तर तिकडचा रुपया पडल्यावर नाचतो.

यांना सांगितलं, २०२५ च्या मार्चमध्ये हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला एक कोटी अडतीस लाख डॉलरला गेलं. चित्र कसं आहे ते विचारलं नाही. म्हणाले, म्हणजे पाच कोटी रियाल! आणि मग रुपयात करायला कॅल्क्युलेटर काढला.

म्हणून म्हणते, शुक्रवारी जाऊया. मेट्रोची ग्रीन लाइन थेट जाते, दोन रियालात. तुम्ही थालीपिठं घ्या, मी खोबऱ्याची चटणी आणते. फक्त सकाळी नको. इथे सुट्टी असली तरी तिकडे शुक्रवारी बाजार चालू असतो, भाऊजी घोड्यांसमोर उभे राहून मोबाइलच बघतील. इथल्या एकला बंद होतो ना तो? मग दीडला गेटवर या.