वहिनी एएनएमला आहेत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत एक घर आहे. तिथं पाहुण्याला चहा मिळतो, पण किती मिली प्यायलात हेही विचारलं जातं. वहिनींना इंटेक-आउटपुट चार्ट भरायची सवय लागलीय. आउटपुटची चौकशी सुरू व्हायच्या आत शहाणा पाहुणा उठतो.

बारावी झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली आणि वहिनी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला मावशी म्हणून लागल्या. तिथं कळलं, की एएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, वयाची अट 35. चौतिसावं सरत आलेलं. फॉर्म भरून मोकळ्या! कोर्स दोन वर्षांचा. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते, प्रॅक्टिकल मात्र पैकीच्या पैकी भरून द्यावं लागतं. म्हणजे रात्री नोकरी, पहाटे डबे, दिवसा कॉलेज. झोप केएमटीत. थांबा आला की कंडक्टर हाक मारतो, "सिस्टर, उठा, सीपीआर आलं!" सिस्टर म्हणणारा तो पहिला, दवाखान्यात त्या अजून मावशीच.

केअर प्लॅनमध्ये निदान रोगाचं नसतं, रुग्णाच्या अडचणीचं असतं. हे शिकल्यापासून वहिनींना घरात रुग्णांचा तुटवडा नाही.

"काय गं, माझ्या नावावर काय लिवतीस?" सासू विचारते.

"केअर प्लॅन करतोय, आत्याबाई. गप पडा की जरा."

वहीत नोंद अशी: स्त्री, वय 68. निदान: धाकट्या जावेच्या फोनमुळे झोपमोड. उद्दिष्ट: सहा तास शांत झोप. उपाय: फोन चार्जिंगला लावून विसरणे. मूल्यमापन: उद्दिष्ट साध्य, फोन सापडेपर्यंत.

नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत. शाहू स्टेडियमवर गोल झाला म्हणून त्यानं उडी मारली आणि घोटा मुरगळला. वहिनींनी आठच्या आकड्याची पट्टी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पाय आठवड्यात बरा झाला. पट्टी प्रॅक्टिकलपर्यंत राहिली. तालमीच्या कट्ट्यावर तो सांगतो, "बायकोला शिकवतोय भावा!" शिकवण्यातला त्याचा वाटा म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणं. त्यातही मॅच चालू असली की हिशेब चुकतो.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ बघायची असते. वहिनी डबेही तसेच भरतात. तरी एकदा बापाचा खर्डा थोरल्याच्या डब्यात गेला. पोरगं शाळेतून डोळे पुसत आलं. वहिनींनी रीतसर घटना-अहवाल लिहिला, चूक स्वतःची दाखवली आणि खाली सासूची सही घेतली. आत्याबाईंनी एवढ्या आनंदानं आजवर कशावरच सही केली नव्हती.

सपाट भागात साधारण 5,000 वस्तीमागं एक आरोग्य उपकेंद्र असतं. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी, रजिस्टरं, असा त्याचा बराचसा गाडा एएनएमच ओढते. नोकरी करून, अभ्यास करून घरची चार माणसं जिनं हाकली, तिला हे पाच हजार जड जायचे नाहीत.

तुमच्याही घरात अशी कुणी शिकत असेल, तर परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. जोतिबाच्या यात्रेला आलेच, तर चहा तुम्ही टाका. आणि कप तुम्हीच विसळा.