गच्चीवरचे बागायतदार

‘यंदाचा खरीप काही खरा नव्हता. आता सगळी भिस्त रब्बीवर,’ असं वाक्य कोथरूडच्या एखाद्या लिफ्टमध्ये कानावर पडलं तर दचकू नका. बोलणाऱ्याची औशाकडे वीस एकर कोरडवाहू वगैरे नसते. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र असतं, पाठीला लॅपटॉपची सॅक असते आणि लागवडीखालचं एकूण क्षेत्र ४०० चौरस फूट असतं. तेही सोसायटीच्या मालकीचं. आम्ही त्यांना बागायतदार म्हणतो. त्यात काही खोच असेल अशी शंका त्यांना अजून आलेली नाही.

बागायतदार पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. तोवरचं आयुष्य ‘वेळच नाही हो’ म्हणण्यात गेलेलं असतं. पुतण्याच्या मुंजीला वेळ नव्हता, दाढ ठणकत असताना दातांच्या डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता, मुलगा कितवीत आहे हे अधूनमधून वहिनींना विचारून घ्यावं लागे. मग एक दिवस कोलेस्टेरॉलचा आकडा हातात पडतो, डॉक्टर ‘एखादा छंद लावून घ्या’ म्हणतात, आणि त्याच रात्री अंथरुणात फोनवर ‘कुंडीत घ्या भरघोस वांगी’ असा व्हिडिओ समोर येतो. आठवड्याभरात घरातले रिकामे डबे, बादल्या आणि फळवाल्याकडचे थर्माकोलचे खोके गच्चीवर पोचतात. ज्याला परवापर्यंत माठ आणि राजगिरा यांतला फरक कळत नव्हता, तो माणूस कोकोपीट किती आणि निंबोळी पेंड किती यावरून नर्सरीवाल्याशी हुज्जत घालू लागतो.

वर्षातून एकदा त्यांना खरा मान मिळतो तो ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, त्यामुळे परसातल्या भाजीला भाव. मंडईत अळू, भेंडी, दोडका, पडवळ, सुरण असा वाटा बांधून ‘ऋषीची भाजी’ म्हणून वाटेल त्या दराने विकतात. बागायतदार सकाळी आंघोळ करून, अळूची सहा पानं आणि चार भेंड्या ताटलीत घालून दारोदार हिंडतात. ‘घ्या काकू. ना बैल, ना ट्रॅक्टर. सगळं या कमरेवर पिकवलंय.’ काकू ताटली घेतात आणि कमरेला लावायला तेल सुचवतात.

गणपती गेले की खरी धांदल सुरू होते. पावसाळी वेल थकलेले, मेथी-पालक-मुळा पेरायचा, टोमॅटो-वांग्याची रोपं हलवायची, आणि नेमक्या याच तिमाहीत ऑफिसात वर्षअखेरचे प्रकल्प. बागायतदारांच्या हातात पहाटे साडेपाच ते कंपनीची कॅब येईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात त्यांना माती सुधारायची असते. त्यांचा अभ्यास दांडगा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तला दहा गुंठ्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बागायतदारांची जमीन अर्धा गुंठासुद्धा भरत नाही, पण ते उत्साहात सांगतात, ‘तत्त्व तेच आहे.’

जीवामृताचंही तत्त्व तेच. सुभाष पाळेकरांची कृती एका एकराची : पाणी २०० लिटर, देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र, गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बागायतदारांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडलं, एकराला १०९ ने भागलं आणि आपल्या गच्चीचं माप काढलं : पाणी १ लिटर ८३५ मिली, शेण ९२ ग्रॅम, बेसन १८ ग्रॅम. मूठभर मातीला १०९ ने भागल्यावर जे आलं ते त्यांनी चिमटीत घेतलं.

बेसन डब्यात होतं. देशी गाईचं ९२ ग्रॅम शेण कुठे मिळणार? देवळाच्या कोपऱ्यावर एक मावशी गाय आणि चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसतात. येणारे-जाणारे दहा रुपये देतात, गाईला पेंढी घालतात, पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावतात. बागायतदारही दहा रुपये देतात, पण इतर भाविक गाईच्या पुढच्या बाजूला असतात, हे मागच्या बाजूला पिशवी घेऊन उभे राहतात. पाठीला सॅक, कानात ऑफिसची मीटिंग, नजर शेपटीवर. शेपटी जरा उचलली की हे पुढे सरसावतात, आणि ती माशी हाकलून खाली आली की पुन्हा मागे. मावशींनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, ‘साहेब, तुम्ही जा कामाला, मी काढून ठेवते. वीस रुपये द्या.’ पुढच्या बाजूचे दहा, मागच्या बाजूचे वीस. महाराष्ट्रात दुधाला असा भाव मिळता तर आणखी काय हवं होतं?

शेण वहिनींच्या केकच्या डिजिटल काट्यावर मोजलं गेलं. त्या दिवसापासून घरात केक झालेला नाही. ते रसायन ४८ तास सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं असतं. सोसायटीच्या जिन्यात सावली भरपूर. सेक्रेटरींचं पत्र आलं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. प्रत्येक सोसायटीत ते पत्र येतंच आणि त्यात वॉटरप्रूफिंग हा शब्द असतोच.

एव्हाना हस्त लागतो. हत्तीच्या पावसाने हिंजवडीचा रस्ता तुंबला की कॅबमधले बाकीचे पालिकेला शिव्या घालतात. बागायतदार मात्र काचेला नाक लावून आभाळाकडे बघतात आणि हताश सुरात म्हणतात, ‘कालच निंबोळी अर्क मारला होता. सगळा धुऊन गेला.’ शेजारी बसलेल्या मुलीला हा विषय कळत नाही, पण सूर कळतो, आणि ती बाटलीतलं पाणी पुढे करते. ढग कुठून भरून आले, वारा फिरला का, परतीचा पाऊस यंदा लांबला का, हे सगळं आता त्यांचं खासगी दुःख आहे. हवामान खात्याचा अंदाज ते शेअर बाजाराच्या आधी बघतात.

नवरात्रात मात्र त्यांचा जरा अपमान होतो. बागायतदारांनी मेथी पेरलेली असते ती शास्त्रशुद्ध : बी रात्रभर भिजवलेलं, माती चाळलेली, खोली अर्धा इंच. ती उगवते, पण विरळ, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. तिकडे वहिनी घटस्थापनेला पत्रावळीवर मातीचा थर देतात, त्यावर मूठ मूठ धान्य उधळतात, रोज चमचाभर पाणी शिंपडतात आणि दसऱ्यापर्यंत घट वीतभर उंच. नैवेद्याला आलेल्या बायका कौतुक करत असताना बागायतदार कोपऱ्यातून सांगतात, ‘उजेड कमी पडला की कोंब असे फिकट आणि लांब होतात. ती काही चांगली वाढ नव्हे.’ कोणी ऐकत नाही. मग ते हळूच विचारतात, ‘माती कुठली घेतलीस गं?’ वहिनी म्हणतात, ‘तुमच्या त्या टोमॅटोच्या पिशवीतली. छान भुसभुशीत आहे.’

खंडेनवमीला त्यांच्या घरी खुरपं, छाटणीची कात्री आणि फवारणीचा पंप यांची पूजा होते. लॅपटॉपला त्यांनी गंध लावलं ते उरलेलं. दुसऱ्या दिवशी दसरा, झेंडू महाग, आणि गच्चीवर झेंडूची आठ झाडं फुलून पिवळीधमक. वहिनी परडी घेऊन वर गेल्या तर हे आडवे. ‘हात लावू नकोस. ते सापळा पीक आहे.’ फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो, झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो, हे सगळं खरं आहे आणि त्यांनी ते जिन्यात उभं राहून सविस्तर सांगितलं. त्या वर्षी बागायतदारांच्या दाराला बाजारातल्या झेंडूचं तोरण होतं. अळ्यांचा दसरा मात्र चांगला झाला.

पण बागायतदार खरे बघायचे तर दुधीच्या वेलापाशी. आधी त्यांनी ‘थ्री-जी कटिंग’ केलं. मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडायचे, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्यांना मादी फुलं जास्त येतात. येतात, अगदी नक्की येतात. पण दुधीचं पांढरं फूल उमलतं दिवेलागणीला. भोपळा, काकडी सकाळपाळीच्या, दुधी रात्रपाळीचा. शेतावर परागीभवनाचं काम निशाचर पतंग करतात. सहाव्या मजल्यावर पतंग फिरकत नाहीत, म्हणून ते बागायतदारांकडे आलं. त्यांची अमेरिकेशी मीटिंगही नेमकी त्याच वेळेला.

कपाळावर ट्रेकिंगची बॅटरी, कानात हेडफोन, पायात वहिनींच्या स्लिपर. डाव्या हाताने वेल सावरत ते मादी फूल शोधतात. ते ओळखायचं कसं, तर पाकळ्यांच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा लव असलेला दुधी आधीच बसलेला असतो; नर फुलाला नुसता लांब देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि उरलेला पिवळा तुरा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचा. जरा जोर झाला की फूल गळतं. स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या सावरताना या माणसाने एवढा हळुवारपणा दाखवला नव्हता, असं वहिनी म्हणतात. एकीकडे ‘येस, येस, मार्चपर्यंत नक्की’ असं चाललेलं. एकदा म्यूटचं बटण दाबायचं राहिलं आणि सात जणांच्या मीटिंगमध्ये आवाज गेला, ‘अगं, ही मादीच आहे ना? खाली वाकून बघ जरा!’ क्षणभर शांतता. मग न्यू जर्सीत बसलेला सांगलीचा एक पोरगा म्हणाला, ‘सर, आधी नराच्या पाकळ्या काढून घ्या.’ त्या पोराचं नाव पुढच्या बढतीच्या यादीत होतं. योगायोग असेल.

हा दुधी धरला की बागायतदार त्याला जुना पायमोजा चढवतात. फळमाशीने डंख मारला की दुधी वाकडा होऊन सडतो, त्यावर हा उपाय. गच्चीवर कठड्याशी राखाडी मोजे घातलेले चार दुधी लोंबत असलेले समोरच्या इमारतीतून दिसतात. समोरच्या इमारतीतल्या आजींनी बरेच दिवस ते वाळत घातलेले कपडे समजून ‘पाऊस आला, काढा’ म्हणून हाका मारल्या.

पैशाचं विचारू नका. ते विचारणाऱ्याला बागायतदार ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत पैसा बघता’ असं म्हणतात आणि म्हणतानाच त्यांचा चेहरा पडतो, कारण वहिनींनी वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर एक वेगळं खातं उघडलेलं आहे. पण एका बाबतीत ते अस्सल शेतकरी आहेत : त्यांच्या मालाला कधी भाव मिळत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला, नारायणगावच्या बाजारातले ट्रक बातम्यांत आले, तेव्हा बागायतदारांच्या झाडांना नुसती पानं होती. पुढे भाव कोसळला, लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले, आणि त्या आठवड्यात यांचा पहिला टोमॅटो लाल झाला. तो त्यांनी चिरला नाही. टीव्हीवर ओतलेल्या टोमॅटोंचा लाल रस्ता दिसत होता आणि हे समोर तो एकच हातात धरून बसले होते. तेव्हापासून मंडईत ते घासाघीस करत नाहीत. वहिनी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी अडल्या की मागून कानात सांगतात, ‘दे गं. धणे उगवायलाच दहा दिवस लागतात.’ वहिनी पाच रुपये कमी करून घेतातच. त्यांच्याकडे घर चालवायचं खातं आहे.

आता दिवाळीचं, कारण ही माहिती तुमच्या उपयोगाची आहे. बागायतदारांना चार दिवस गावी जावंच लागतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी एका दिवसात पापड होते. बाटल्या उलट्या खोचणं, सुताच्या वाती लावणं, सलाइनच्या नळ्या सोडणं हे सगळे प्रयोग होतात, तरी शेवटी एक शेजारी लागतोच. वसुबारसेला संध्याकाळी बेल वाजते. दारात बागायतदार, एका हातात चकल्यांचा डबा, दुसऱ्या हातात गच्चीची किल्ली आणि काखेत चार पानी सूचनापत्र. चकली तुम्ही तोंडात टाकलेली असते, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. सूचनापत्रात कुंड्यांना नंबर असतात, मिरचीला किती मग, मुळ्याला किती, पालकावर पाणी वरून ओतू नये, अळूला कितीही ओतावं, असं सगळं असतं. ते सोपं आहे. अवघड आहे तो व्हिडिओ कॉल, जो बरोबर लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर येतो. ‘शुभ दीपावली! जरा वर जाता का? कॅमेरा वांग्याच्या पानाच्या खालच्या बाजूला धरा... अजून जवळ... तो मावा आहे का?’ खाली बायको तबक घेऊन खोळंबलेली, चारी बाजूंनी फटाके, आणि तुम्ही सोवळ्यात वांग्यापुढे गुडघ्यावर.

तेव्हा तुमच्या इमारतीत असे कोणी असतील तर एवढंच करा : दिवाळीला गावी आधी तुम्ही निघा. वसुबारसेच्या आदल्या दिवशीची तिकिटं काढा, महाग पडली तरी चालतील. परत आल्यावर त्यांनी दुधी दिला तर मात्र नको म्हणू नका. कोवळा असतो, औषध मारलेलं नसतं, आणि मोजा ते काढूनच देतात.